कुमारवयाचे मौन आणि मोबाईलचे जग

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



मूल शाळेच्या पायरीवर प्रथम पाऊल ठेवते, तेव्हा ते दप्तराबरोबर आपले घरही घेऊन येते. घरातील बोली, घरातील माया, घरातील धाक या सर्वांसह ते वर्गात बसते. म्हणूनच मुलाला ओळखावयाचे तर त्याचे घर ओळखले पाहिजे, असे जुने शिक्षक सांगत आले. घर, शाळा आणि गाव या तीन वर्तुळांत मुलाचे सारे जीवन सामावलेले असे, आणि शिक्षकाची नजर या तिन्ही वर्तुळांत सहज फिरत असे. गेल्या काही वर्षांत मात्र या तिहींच्या जोडीला चौथे एक वर्तुळ आले आहे. ते मुलाच्या तळहातावर मावते. परंतु शिक्षकाची वा पालकाची नजर तेथे सहसा पोहोचत नाही. हे वर्तुळ म्हणजे मोबाईलचे जग होय.

हे जग मुलाच्या हाती आले, त्यात शाळेचाही वाटा आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली आणि धडे व स्वाध्याय मोबाईलवरून पोहोचविण्याची पाळी आली. ज्या घरांत तोवर साधा फोन होता, अशा कित्येक घरांनी उसनवारी करून स्मार्टफोन घेतला. तो अभ्यासासाठी आला आणि अभ्यास संपल्यावरही घरात राहिला. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल ग्रामीण भारतातील मुलांविषयी आहे. त्यानुसार १४ ते १६ या वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा काही शैक्षणिक उपयोग केला होता, तर ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. याच पाहणीतील आणखी एक गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रास देणाऱ्या खात्यास अडविणे किंवा त्याविषयी तक्रार करणे ६२ टक्के मुलांना ठाऊक होते. आपले खाते खाजगी कसे करावे हे सुमारे ५५ टक्के मुलांना, तर पासवर्ड कसा बदलावा हे सुमारे ५८ टक्के मुलांना ठाऊक होते. याचा अर्थ असा की, दर दहा मुलांमागे सुमारे चार मुले दाराला कडी कशी लावावी हे न शिकताच भर बाजारात घर मांडून बसली आहेत.

ही मुले चौदा वर्षांची आहेत, तेव्हा हा माध्यमिक शाळांचा प्रश्न आहे, असे म्हणून प्राथमिक शिक्षकास बाजूला होता येणार नाही. चौदाव्या वर्षी दिसणारी सवय दहाव्या-अकराव्या वर्षी रुजते. शिवाय सातवी-आठवीपर्यंतचे वर्ग जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत आहेत, आणि कुमारवयाचा उंबरठा मूल याच वर्गांत ओलांडते.

या विषयावर बोलताना मोबाईलच्या दुष्परिणामांची यादी देण्याचा प्रघात आहे. ती यादी येथे द्यावयाची नाही. एकच मुद्दा येथे मांडावयाचा आहे. मोबाईलच्या जगात धोके आहेतच; परंतु धोक्यात सापडलेले मूल कोणाशीही बोलत नाही, हा त्या सर्वांहून मोठा धोका आहे. ते मौन सुटेल अशी जागा शाळेत निर्माण करणे, हे शिक्षकाचे या बाबतीतील पहिले कर्तव्य होय.

कुमारवयाचा स्वभाव

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉल यांनी १९०४ साली कुमारवयावर द्विखंडात्मक ग्रंथ लिहून हे वय म्हणजे वादळाचा व ताणाचा काळ असल्याचे प्रतिपादन केले. त्यांची सर्वच मते आज ग्राह्य मानली जात नाहीत. परंतु या वयात भावनांचा वेग मोठा असतो आणि त्याला लगाम घालणारी विवेकशक्ती मागाहून पक्व होते, ही गोष्ट मेंदूच्या अलीकडील अभ्यासानेही पुष्ट झाली आहे. पुढचा-मागचा विचार करणे, मोह आवरणे, परिणामांचा अंदाज बांधणे ही कामे मेंदूच्या ज्या अग्रभागाकडे असतात, तो भाग विशी उलटल्यानंतरही काही वर्षे विकसित होत असतो. शेताच्या बांधावर जोराने धावणारा पण अद्याप वेसण न घातलेला गोऱ्हा डोळ्यांपुढे आणला, म्हणजे ही अवस्था ध्यानात येईल. गोऱ्हा वाईट नसतो. त्याला अजून वळण लागावयाचे असते.

याच वयात सोबत्यांचे मत आईबापांच्या मतापेक्षा जड वाटू लागते. चारचौघांत झालेली थट्टा मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल. मुलाला ती असह्य होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही व्यक्तींना संगणकावर चेंडूफेकीचा साधा खेळ खेळावयास दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू टाकणे बंद करण्यात आले. अशा रीतीने वगळले जाताच त्यांच्या मेंदूतील जो भाग सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या क्लेशाशीही निगडित असल्याचे आढळले. ती माणसे तर प्रौढ होती. मग वर्गातील साऱ्या मुलींच्या गटातून ज्या मुलीचे नाव एका रात्रीत काढून टाकले गेले, तिच्या मनाला काय वाटत असेल? ‘एवढेसे तर झाले, त्यात रडावयाचे काय?’ हे वाक्य शिक्षकाने अशा वेळी उच्चारू नये, ते यासाठीच.

यंत्राची रचना

अशा या कोवळ्या मनापुढे आलेले यंत्र साधे नाही. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रत्येक शिक्षकाने स्किनर यांच्या कबुतरांविषयी वाचलेले असते. कळ दाबली की प्रत्येक वेळी दाणा मिळाला, तर भूक भागल्यावर कबूतर थांबते. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर ते कळ दाबीतच राहते. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात हा नियम सविस्तर मांडला. समाजमाध्यमांची रचना या नियमाशी कमालीची जुळते. बोटाने पडदा सरकवावा, तो संपतच नाही. पुढे काय येईल ते सांगता येत नाही. आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली हे दर वेळी निराळे निघते. फेसबुकने पसंतीचे बटण २००९ साली आणले, आणि तेव्हापासून लोकांच्या पसंतीला आकडा मिळाला. प्रौढ माणसालाही या आकड्याची ओढ आवरत नाही, तेथे बारा वर्षांच्या मुलाने ती आपोआप आवरावी ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

तथापि मोबाईलमुळेच मुलांची मने आजारी पडतात, असा सरसकट निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ साली या विषयावर एक सूचनापत्र काढले. दिवसाकाठी तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या कुमारांमध्ये मानसिक अस्वास्थ्याचा धोका दुप्पट आढळतो, असे त्यात नमूद आहे. एकाकी पडलेल्या काही मुलांना याच माध्यमांतून आधारही मिळतो, असेही त्याच पत्रात म्हटले आहे. आधीच खिन्न असलेले मूल मोबाईलकडे अधिक वळते, की मोबाईलमुळे ते खिन्न होते, याचा उलगडा प्रत्येक मुलाच्या बाबतीत निराळा असू शकतो. शिक्षकाने म्हणून केवळ तास मोजू नयेत. मुलाची झोप पुरी होते काय, ते मैदानावर खेळते काय, त्याला सोबती आहेत काय, आणि मोबाईलवर त्याची गाठ कोणाशी पडते, हे प्रश्न तासांपेक्षा महत्त्वाचे आहेत.

संकटाची तीन रूपे

मुलांवर येणारी संकटे अनेक असली, तरी त्यांची तीन मुख्य रूपे सांगता येतील.

पहिले रूप हेटाळणीचे. पूर्वी शाळेत कोणी चिडविले तर घरी गेल्यावर सुटका होत असे. आता ती हेटाळणी मुलाच्या उशाशी जाऊन पोहोचते. कोणाच्या छायाचित्रावर विद्रूप टोपणनाव लिहिले जाते, कोणाचा रंग, कोणाची जात, कोणाचे बोलणे हास्यास्पद ठरविले जाते, आणि ते पन्नास जणांच्या हाती एका क्षणात जाते. येथे त्रास देणारेही बहुधा त्याच वर्गातील मूल असते, हे विसरू नये. त्यालाही शिक्षणाची गरज असते. त्याची धिंड काढून हेटाळणी थांबत नाही, ती केवळ लपते.

दुसरे रूप मनाला कुरतडणाऱ्या मजकुराचे. बारीक होण्याची वा गोरे दिसण्याची हाव, शरीराची लाज, स्वतःला इजा करून घेण्याचे आकर्षण दाखविणारी चित्रे, यांपैकी एखाद्या गोष्टीकडे मूल क्षणभर थबकले की यंत्र त्याच प्रकारचा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे करते. उदास मुलाला उदासीचाच खुराक मिळत राहतो.

तिसरे रूप सर्वांत भयंकर, ते धमकीचे. आठवीतील एक मुलगा कल्पनेत आणावा. एका अनोळखी खात्यावरून त्याला मैत्रीचा निरोप येतो. खात्यावर समवयस्क मुलीचे छायाचित्र असते. आठ दिवस गोड बोलणे चालते. मग तिकडून एक खाजगी छायाचित्र येते आणि त्याच्याकडेही तसेच मागितले जाते. मुलगा ते पाठवितो. पुढच्या पाच मिनिटांत भाषा बदलते. पैसे पाठव, नाहीतर हे छायाचित्र तुझ्या आईला, काकाला, शाळेच्या गटावर टाकतो, असा निरोप येतो. त्याबरोबर त्या सर्वांच्या नावांची यादीही येते. घरातील मोबाईलवरून मुलगा पाचशे रुपये पाठवितो. तासाभराने दोन हजार मागितले जातात. समोर मुलगी नसते. बहुधा हा धंदाच करणारी टोळी असते. कित्येकदा मुलाने काही पाठविलेलेही नसते. त्याच्या साध्या छायाचित्रातील चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दुसऱ्या देहावर बसविला जातो.

अमेरिकेच्या एफबीआय या अन्वेषण संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये पालकांना जाहीर इशारा दिला. वर्षभरात मुलांना अशा धमक्या दिल्याच्या ७,००० हून अधिक तक्रारी आल्या. किमान ३,००० मुले बळी पडली आणि त्यांत मुलग्यांची संख्या मोठी होती. डझनाहून अधिक मुलांनी आपले जीवन संपविले, असे त्यात म्हटले होते. हे आकडे परदेशातील आहेत. परंतु मोबाईलच्या जगाला वेस नाही, आणि धमकी देणारा कोणत्या देशात बसला आहे हे मुलाला कळतही नाही. त्या प्रत्येक मुलाभोवती घर होते, शाळा होती. दूर होता तो केवळ एक शब्द. तो शब्द मूल का उच्चारीत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मौनाची कारणे

पहिले कारण लाज. देहासंबंधी घरात शब्दही काढावयाचा नाही, असे वळण असलेल्या मुलाजवळ घडलेला प्रकार सांगावयास भाषाच नसते.

दुसरे कारण दोष आपल्यावरच येईल ही भीती. ‘तू असल्या भानगडीत पडलासच का?’ हा प्रश्न मुलाने कोणत्या ना कोणत्या प्रसंगी ऐकलेला असतो, आणि तो पुन्हा येणार हे त्याला ठाऊक असते.

तिसरे कारण मोबाईल काढून घेतला जाण्याची भीती. मोठ्यांना ही शिक्षा सौम्य वाटते. परंतु मुलाचे सारे सोबती तेथेच असल्याने संकट सांगण्याचे मोल म्हणून त्याला एकटेपण पत्करावे लागते. अशा सौद्यात मूल मौनच निवडते.

मुलींच्या बाबतीत चौथे एक कारण असते, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मुलीने सांगितले तर तिचा मोबाईल जातोच. कधी तिची शाळाही जाते, आणि कधी घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा मुलीला, असा हा न्याय आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा ठरविला आहे, हे पालकांना सांगणे शिक्षकाचे काम आहेच. परंतु त्याहून आधी, ‘मुलीने सांगितले म्हणूनच ती वाचली’ ही दृष्टी पालकांना देणे हे अधिक मोठे काम आहे.

पहिले पाच मिनिटे

मूल बोलले नाही तरी त्याचे वागणे बोलते. नेहमी पुढे बसणारे मूल मागे सरकते, वर्गात पेंगते, मोबाईल वाजताच दचकते, वारंवार डोके वा पोट दुखल्याचे सांगते, मधल्या सुट्टीत एकटे राहते, शाळा चुकविते, आवडत्या वस्तू वाटून टाकते, ‘माझा काही उपयोग नाही’ असे सहज बोलून जाते. यांतील एखादी खूण एखाद्या दिवशी दिसली म्हणजे संकट आले असे नव्हे. परंतु बदल दोन आठवडे टिकला तर त्याची चौकशी करावी. जीव नकोसा झाल्याची भाषा मात्र एकदाच कानी आली तरी पुरे. तेथे दोन आठवडे थांबू नये.

मूल बोलू लागले म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत शिक्षक काय म्हणतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘तू हे सांगितलेस, फार बरे केलेस. यात तुझा एकट्याचा दोष नाही. आता आपण दोघे मिळून मार्ग काढू,’ ही तीन वाक्ये प्रत्येक शिक्षकास मुखोद्गत असावीत. का, कशाला, किती वेळा, या प्रश्नांची सरबत्ती त्या वेळी करू नये. मुलाने आपल्या गतीने सांगावे आणि शिक्षकाने ऐकावे.

‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र शिक्षकाने देऊ नये. कारण ते पाळता येणारे नाही. ‘तुला मदत करण्यासाठी ज्यांना सांगणे जरूर आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला सांगेन,’ एवढे वचन द्यावे आणि ते काटेकोरपणे पाळावे. शिक्षकखोलीत त्या मुलाची कहाणी चर्चेला जाऊ नये, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच जाऊ नये.

जीव नकोसा झाला आहे काय, असे मुलाला सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे; उलट विचारल्याने मुलाचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. विश्वासातील पालकास तत्काळ बोलवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे अहोरात्र व विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असावा.

धमकीचा प्रकार असल्यास चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. दोन, घाबरून सर्व संभाषण पुसून टाकू नये. धमकीचे निरोप, खात्याचे नाव, फोन क्रमांक, वेळ व पैसे पाठविल्याची नोंद जपून ठेवावी, आणि मग ते खाते अडवावे. तीन, मुलाचे ते छायाचित्र शिक्षकाने पाहण्याचा आग्रह धरू नये, त्याची प्रत घेऊ नये आणि पुराव्यासाठी म्हणूनही कोणाकडे पाठवू नये. ते पोलिसांचे काम आहे. चार, त्याच दिवशी तक्रार करावी.

कायदा व साहाय्य

कायदा मुलाच्या बाजूचा आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सामान्यतः ‘पोक्सो’ म्हणतात, अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांनाही लागू आहे. लैंगिक हेतूने बालकाचे खरे किंवा बनावट चित्र माध्यमांतून प्रसृत करण्याची धमकी देणे हाही या कायद्यान्वये गुन्हा आहे. असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर तो पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतेही दायित्व येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. या तरतुदी शिक्षकाने पालकांना समजावून सांगितल्या, तर ‘पोलीस म्हणजे बदनामी’ ही त्यांची धास्ती पुष्कळ कमी होईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब या कलमानेही बालकांची अश्लील चित्रे बनविणे, बाळगणे व पसरविणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे.

साहाय्यासाठी बालकांच्या संकटकाळी १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झालेला हा उपक्रम पुढे देशभर पसरला आणि आज शासनामार्फत चालविला जातो. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेत मूळ छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. त्याचा केवळ अंकीय ठसा तयार होतो, आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशावरून ते छायाचित्र शोधून काढून टाकू शकतात.

शाळेच्या पातळीवर २०२२ पासून ‘सखी सावित्री’ समित्यांची तरतूद आहे, आणि तक्रारपेटी तर दारातच टांगलेली असते. पेटी आहे, पण किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नाही, अशी अवस्था नसावी. पेटी ठरलेल्या दिवशी उघडली जाते आणि चिठ्ठीची दखल घेतली जाते, असा अनुभव मुलांना एकदा आला, म्हणजे पेटीत चिठ्ठ्या पडू लागतील.

संकटापूर्वीची तयारी

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, या विचाराला त्यांनी प्रत्यक्ष रूप दिले. आज मुलाचे एक अंगण मोबाईलमध्ये आहे. शिक्षकाने त्या अंगणाची ओळख करून घेतली पाहिजे. मुले कोणते खेळ खेळतात, कोणाचे व्हिडिओ पाहतात, हे कुतूहलाने विचारावे, झडती घेतल्यासारखे विचारू नये.

सहावीपासून पुढच्या वर्गांत दर सत्रात दोन तासिका या विषयासाठी काढता येतील. खाते खाजगी करणे, अनोळखी खाते अडविणे, तक्रार नोंदविणे आणि पासवर्ड बदलणे ही चार कौशल्ये फलकावर चित्र काढूनही शिकविता येतात. परिपाठात मुलांकडून एका वाक्याचा सराव करवून घ्यावा: ‘मला एक अडचण आहे, मला तुमच्याशी बोलावयाचे आहे.’ हे वाक्य संकटात सुचत नाही. आधी जिभेवर बसलेले असेल तरच ते येते. अडचण आल्यास ज्यांच्याकडे जाता येईल अशा तीन मोठ्या माणसांची नावे प्रत्येक मुलाने आपल्या वहीत लिहावीत. ती वही शिक्षकाने तपासू नये. परंतु ज्याला तीन नावे सुचत नाहीत ते मूल शिक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

शिक्षकाचे स्वतःचे वागणे हाही एक धडाच असतो. तासाला मोबाईल पाहणाऱ्या शिक्षकाचा उपदेश मुले मनावर घेत नाहीत. शाळेच्या उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना मुलांचे चेहरे, नावे व गाव एकत्र जगापुढे मांडणे खरोखर जरूर आहे काय, याचा विचार व्हावा. आपल्या छायाचित्राविषयी मुलाची संमती विचारली गेली, तर संमती ही गोष्ट काय असते हे ते त्या क्षणी शिकते.

हे काम एकट्या शाळेचे नव्हे. त्याला गावाची जोड हवी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि त्यानंतर दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद राहावेत, असे ठरले. सुरुवातीस शंका घेणारे होतेच. परंतु घरोघरी जाऊन लोकांचे मन वळविण्यात आले, आणि या उपक्रमाची वार्ता देशाबाहेरही पोहोचली. या प्रयोगातील मर्म असे की, बंदी केवळ मुलांवर नव्हती. वडीलधाऱ्यांनीही आपले मोबाईल खाली ठेवले. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ साली केला आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला. अशा कायद्यांचे फळ काळच ठरवील. परंतु मोकळ्या झालेल्या दीड तासात आईबाप आणि मूल एकमेकांशी बोलले नाहीत, तर भोंग्याचा वा कायद्याचा उपयोग अर्धाच होईल.

पालकसभेत म्हणून मोबाईल किती वेळ द्यावा या वादात सारा वेळ घालवू नये. तेथे पालकांकडून एकच गोष्ट कबूल करवून घ्यावी: मुलाने आपणहून संकट सांगितले तर त्या दिवशी त्याला शिक्षा होणार नाही, त्याचा मोबाईल जाणार नाही आणि मुलीची शाळा सुटणार नाही. ही कबुली दर सत्राच्या पहिल्या सभेत पुन्हा घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी.

यंत्रे बदलतील. आजची समाजमाध्यमे उद्या मागे पडतील आणि नवी येतील; त्या सर्वांची माहिती शिक्षकाला असेलच असे नाही, आणि ती असण्याची जरुरीही नाही. मुलाला ऐकून घेणारे माणूस मात्र प्रत्येक काळात लागणार आहे. जिल्हा परिषदेची शाळा वाडीवाडीवर पोहोचली आहे. जेथे मानसोपचारतज्ज्ञ नाही, समुपदेशक नाही, तेथेही शिक्षक आहे. कित्येक गावांत संकटातील मुलाला आईबापांखेरीज विश्वासाने गाठता येईल असे तेच एकमेव सुशिक्षित माणूस असते. त्या माणसाचे दार उघडे आहे, एवढा भरवसा मुलाला वाटला, तर एखादे मूल वेळेवर बोलेल. आणि एक मूल जरी त्यामुळे वाचले, तरी त्या शाळेचे सारे श्रम सार्थकी लागले असे समजावे.